मधला पट्टा

हिंगणीच्या मनकर्णाबाईंचं शेत बोर धरणाच्या कालव्याला लागून आहे. त्या शेतात खतावरून बाप-लेकाचं असं बिनसलं की दोघांनी जमीनच आपसात वाटून घेतली.

त्यांचे यजमान प्रेमदास उभी हयात युरियावर भाजी काढत आलेले. त्यांची वांग्याची झाडं हिरवीगार, छातीला लागणारी. पण फळं कमी, किडी जास्त आणि जमीन फरशीसारखी टणक. मुलगा राकेश वर्ध्याला प्रशिक्षण घेऊन आला आणि रासायनिक खताचा कणही शिवणार नाही म्हणाला. त्याची माती मऊ झाली; पण घरच्या दोन गाईंचं शेण पुरणार किती? झाडं पिवळी पडली. एकाच चुलीवरची भाकर दोघं खात, पण बोलत नसत.

दोघांच्या मधे सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावायचा एक पट्टा मनकर्णाबाईंच्या हातात होता. त्यांनी तिथे वांगी लावली आणि दोन्ही खतं देणार म्हणून सांगून टाकलं. दोघांनाही राग आला.

पहिला डाव पार फसला. गोठ्यातलं ताजं शेण त्यांनी तसंच पसरलं आणि मूठ मूठ युरिया थेट बुंध्याशी टाकला. आठवडाभरात रोपं करपली. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून बाप आणि लेक, कित्येक महिन्यांनी, एकमेकांशी बोलले. आई चुकली यावर त्यांचं एकमत होतं. मनकर्णाबाईंना ते झोंबलं. पण दोघं बोलले, हेही त्यांच्या ध्यानात राहिलं.

करपलेली रोपं स्वतःच उपटून त्या एसटीनं सेलूला गेल्या आणि कृषी सहायक वेदश्री यांना काय काय केलं ते काहीही न लपवता सांगितलं. वेदश्री रागावल्या नाहीत. त्यांनी आधी माती तपासून घेतली. शेण पुरतं कुजलेलं हवं, ते लागवडीआधी मातीत मिसळायचं, मग तपासणीप्रमाणे रासायनिक खताची मात्रा कमी करून ती थोडी थोडी, बुंध्यापासून लांब, बांगडीसारखी गोल द्यायची आणि वरून माती ओढायची, असं त्यांनी समजावलं.

त्या उन्हाळ्यात मनकर्णाबाईंनी खताच्या खड्ड्यातलं शेण पाणी शिंपडून वरखाली केलं. कंबर धरली, तरी हटल्या नाहीत. खत काळं, भुसभुशीत झालं, त्याचा शेणाचा वास गेला, तेव्हाच त्यांनी ते शेतात नेलं.

प्रेमदासांनी विचारलं, “एवढं शेणखत टाकून राह्यली, मंग युरिया काऊन आणला?”

“शेणखतानं माती मोकळी राह्यते, ओल धरते,” त्या म्हणाल्या. “पण झाडाले लवकर पायजे ते युरिया देते. मले एकाच्या भरोशावर नाई राह्यचं.”

यंदा त्यांचा पट्टा बहरला. प्रेमदासांच्या झाडांवरचा फळांचा बहर सरला, तरी मधल्या पट्ट्यात चकचकीत वांगी लागतच होती. राकेश तोडायला आला, त्यानं मूठभर माती उचलली, तर तीत गांडुळं. प्रेमदासांना दिसलं की तिथं पाणीही कमी लागतं.  एके सकाळी युरियाचं अर्धं पोतं तसंच ठेवून ते शेणखताचं घमेलं उचलून आपल्या तुकड्याकडे निघाले.

राकेशनं मात्र एक कोपरा निव्वळ शेणखतावरच ठेवला. मनकर्णाबाईंनी त्याला अडवलं नाही. उरलेल्या वांग्यांना तो आता आईच्या पद्धतीनं खत देतो. “बुंध्याले नको लागू देजो,” एवढंच त्या म्हणतात.

हल्ली खड्ड्यावर पाणी किती शिंपडायचं यावरून बाप-लेक तासतासभर वाद घालतात. मनकर्णाबाई मधे पडत नाहीत. त्या तोडलेली वांगी टोपल्यात भरत असतात.