मनोजच्या मशिनीतली असली विंडो

हे मी बायकोलेही सांगतलं नाई. ती तं मी तोंड उघडाच्या आधी माह्या पोटातलं काढून घेते — पन हे तिच्याच्यानंही नाई निघालं.

जठारपेठेत माही कॉम्प्युटर रिपेरिंगची टपरी आहे. चौथीत मी दोनदा बसलो अन् दोन्ही वेळा बसूनच राह्यलो. इंग्रजी वाचता येत नाई, कुठं दाबाचं ते चित्रावानी पाठ आहे. लोक जुनी मशीन आनतात, मी विंडो टाकून देतो — चोरीची. लायसन नाई, वरून एक जुगाड मारतो, तो काही महिने टिकते. मंग स्क्रीनच्या कोपऱ्यात पाटी येते, विंडो अॅक्टिवेट करा. गिऱ्हाईक परत माह्याकडे. त्या पाटीवरच तं माह्यं घर चालते.

मनोज माह्या गल्लीतला, लहानपनचा दोस्त. टायपिंगमंदी हुशार, पन मशीनच्या पोटातलं त्याले काही समजत नाई. त्यानं अमरावतीले कॉम्प्युटर टायपिंगचा क्लास उघडला, मले उद्घाटनाले बलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. काहून? मले वाटलं, साऱ्या मशिनीत विंडो मीच टाकनार! पाहतो तं काय — रांगेनं नव्या कोऱ्या मशिनी, विंडो कंपनीतूनच टाकून आलेली, लायसनचा नंबर आत बोर्डातच भरलेला. माह्यासाठी कामच नाई ठेवलं कोनी.

पोट्टे मनोजले 'सर, सर' करून राह्यले होते. सर! एक बाई माह्याकडे आली, मी कॉलर नीट केली. ती म्हने, "ओ भाऊ, कूलरमंदी पानी टाका ना." टाकलं. काय करता?

परत येतानी एसटीत मी हळूच सोताले 'सर' म्हनून पाह्यलं. बाजूचा मानूस सरकून बसला. तुमाले हसू येते ना? मलेही येते. पन त्या दिवशी पोटात नुसता जाळ होता — माह्या दोस्ताचं चांगलं झालं म्हनून.

काही दिवसानं त्याचा फोन आला. "दिल्या, मशिनी हळू चालून राह्यल्या बे. तूच ये. दुसऱ्या कोनाचा हात नाई लागू देत मी." कंपनीनं फालतूचे प्रोग्राम भरले होते, बस. ते काढले असते तं काम झालं होतं. हे मले माहीत होतं. पन मी —

सांगतो. थांबा.

मी साऱ्या मशिनीच्या आतलं सारं पुसून टाकलं. पलीकडच्या खोलीत तो शिकवून राह्यला होता, 'सर, सर' ऐकू येत होतं, अन् इकडे मी एकेक असली विंडो उडवून माही चोरीची टाकली. जानूनबुजून वेगळी टाकली, बोर्डातल्या नंबरशी जुळनार नाई अशी. वहिनीनं चहा देल्ला, तोही पेलो. वाटलं, पाटी येईन, मनोज घाबरन, मंग मी जाऊन साऱ्या पोट्ट्यायसमोर दुरुस्त करीन. एखादा तरी मले सर म्हनन. एवढ्यासाठी — हो, एवढ्यासाठीच.

पाटी आली. पन परीक्षेचं सेंटर देनारे सायब पाहाले आले, नेमके त्याच दिवशी. सायब म्हनले, चोरीच्या विंडोवर सेंटर भेटत नाई. मनोज मशिनी विकनाऱ्या दुकानदारावर धावून गेला, मलेही घेऊन गेला.

दुकानदार शपथा घेऊन राह्यला होता. "मी असलीच देल्ली हो. मशिनीले कोनं हात लावला ते पाहा."

"हात माह्या भावानं लावला," मनोज म्हने. "त्याच्यावर शंका घेतं का? सांग दिल्या, यानं फसवलं ना मले?"

नंबर तवाही बोर्डातच होता. कंपनीवाली विंडो परत टाकून नेट लावलं असतं तं सोताहून असली झाली असती. सायबाले परत बलावता आलं असतं. तो दुकानदार माह्या तोंडाकडे पाहून राह्यला होता — त्याले समजलं होतं. मी काय केलं? मी म्हनलं, "हो. डुप्लिकेट आहे."

सेंटर गेलं, पोट्टे दुसऱ्या क्लासले गेले. मनोज आता तिवस्यात एका दुकानात लोकायचे फॉर्म भरून देते. हे पहिल्यांदा ऐकलं तवा मले — लाज वाटते सांगाले — बरं वाटलं.

परवा त्यानं पोरीसाठी नवा लॅपटॉप घेतला, घरी न नेता आधी माह्याकडे आनला. "त्या अमरावतीच्या चोरावानी लोक असतात बे. तू पाहून दे, असली आहे का."

मी पाह्यलं. असली होती. तेवढंच त्याले सांगतलं. तो दुकानदार चोर नोता, हे नाई सांगतलं.