बिननावाचं पेडल स्टील

भंडारा रोड स्टेशनवर उतरले तेव्हा थंडी चांगलीच झोंबत होती. नाशिकहून निघताना मी बॅगेत टॉर्च, नट फिरवायचे दोन-तीन पाने, सूर जुळवायचं लहान यंत्र आणि एक जाड चादर घेतली होती. चादर होती वाद्य गुंडाळून आणण्यासाठी. एवढी खात्री बाळगायला काही आधार नव्हता, पण घेतली.

मी हवाईयन गिटार शिकवते. आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची ती गिटार. पेडल स्टील हे तिचं थोरलं भावंड. चार पायांवर टेबलासारखं उभं, खाली पेडल. कांडी जागेवरच असते, पाय दाबला की ठरावीक तारा ताणल्या जातात आणि सूर हळूच वर सरकतो. आपल्याकडे हे वाद्य दुकानात सापडत नाही. म्हणून नागपूरच्या एका ओळखीच्या कीबोर्डवादकाने लाखांदूरहून एका विकाऊ वाद्याचा फोटो पाठवला, तेव्हा माझी झोप उडाली. फोटोत अर्धवट झाकलेली दहा तारांची फळी दिसत होती. नावाची पट्टी नाही, खालचं काहीच दिसत नव्हतं. ती पाय जोडलेली साधी स्टील गिटारही असू शकत होती. खालून पाहिल्याशिवाय काही कळणार नव्हतं.

भंडाऱ्याहून लाखांदूरची एसटी धरली. अड्याळच्या पुढे टायर बसलं. सगळे खाली उतरले. रस्त्याकडेला एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती, ते खात मी शेतं पाहत उभी राहिले. धान कापून झालं होतं, जागोजाग पुंजणे (कापलेल्या धानाचे रचलेले ढीग) उभे होते. गाडीत शेजारी बसलेल्या बाईंनी कुठे जाता, कोणाकडे, अशी चौकशी केली. मी बाजा बघायला नाशिकहून आले म्हटल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि आणखी चार शिंगाडे हातावर ठेवले. पवनीनंतर वैनगंगा ओलांडली. विजेच्या प्रत्येक खांबावर झाडीपट्टीच्या नाटकांची रंगीत पोस्टरं होती. इथे दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं चालतात.

वाद्याचे मालक शामराव तिथल्याच नाटक मंडळींत वाजवायचे. सत्तरीचे, उंच, डावा पाय सरळ ताठ ठेवून खुर्चीत बसलेले. मंचाच्या शिडीवरून पडले तेव्हापासून तो गुडघा वाकत नाही, असं त्यांच्या पत्नी विमलकाकूंनी चहा देताना सांगितलं. वाद्य त्यांनी तरुणपणी नागपुरात रेल्वेतल्या एका अँग्लो-इंडियन वादकाकडून घेतलं होतं. तो देश सोडून निघाला होता. वाद्य नेणं जमेना, म्हणून त्याने नुसती नावाची पट्टी काढून सोबत नेली.

“थ्याच्यानं नाव कोनालेच मालूम नाही,” शामराव म्हणाले. “पायून घ्या, ताई. एक हॉटेलवाला मांगून राहिला. म्हने काउंटरजवळ शोभेले ठेवतो.”

मी चादर अंगणात पसरली आणि काकूंच्या मदतीने वाद्य त्यावर उलटं ठेवलं. टॉर्चच्या उजेडात आधी कोळ्याची जाळी दिसली, मग तिच्यामागे आडवे दांडे, आणि प्रत्येक दांड्यापासून तारेच्या टोकाकडे गेलेल्या पातळ सळ्या. खरं पेडल स्टील होतं. तीन पेडल. गुडघ्याने ढकलायची दांडी गायब, तिची भोकं तेवढी शिल्लक. लाकडाला चीर नव्हती. कारखान्याचं नाव कुठेच नव्हतं. पट्टीच्या जागी दोन स्क्रूंची भोकं आणि जरा उजळ राहिलेला चौकोन, बस.

पण पेडल स्टीलची ओळख नावापेक्षा पेडलांतून पटते. कुठलं पेडल कुठली तार किती चढवतं आणि सोडल्यावर तार जागेवर परत येते का, हे पाहायचं होतं. वाद्य पुन्हा उभं केलं. शामरावांनी खुर्ची पुढे घेतली, बोटांत नख्या चढवल्या, आणि मी खाली जमिनीवर बसून हाताने पेडल दाबू लागले. पहिल्याने दोन तारा पूर्ण स्वर चढल्या. दुसऱ्याने दोन तारा अर्धा स्वर. तिसरं चढायचं, पण परतताना अडायचं. जगभरचे वादक पहिली दोन पेडल अशीच बांधतात. मी वर पाहून सांगितलं, की बनवणारा कोण हे कळत नाही, पण हे पक्कं, अस्सल वाद्य आहे. हॉटेलवाला देतोय त्यापेक्षा याची किंमत पुष्कळ जास्त आहे आणि हे मला हवं आहे.

शामरावांनी कांडी सरकवली आणि मान हलवून मला पेडल दाबायची खूण केली. नाटकातल्या नवरीच्या बिदाईची चाल असावी. त्यांनी मान हलवली की मी दाबायचं, पुन्हा हलवली की सोडायचं. दोनदा मी चुकले, तेव्हा ते हसले. काकू दारात ताटं घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

चाल संपली आणि माझं लक्ष त्यांच्या उजव्या पायाकडे गेलं. तो मोकळा होता, जमिनीवर ताल देत होता. ती पेडल डाव्या पायाने दाबायची असतात आणि उजवा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलवर ठेवायचा असतो. तसंच ते शिकले होते, म्हणून गुडघा गेल्यावर त्यांचं वाजवणं सुटलं होतं. आवाज तर वाद्यावरच्या बटणानेही ठरवता येतो. मी त्यांना हे सांगावं की नाही? सांगितलं तर चादर रिकामी परत जाणार होती.

मग मी म्हणाले, “काकाजी, खुर्ची जरा डावीकडे घ्या. डावा पाय बाहेर राहू द्या. पेडल उजव्याने दाबून बघा.”

काकूंनी ताटं खाली ठेवली आणि खुर्ची सरकवली. पाय पहिल्यांदा घसरला, मग दोन्ही पेडलांवर एकदम पडला. हळूहळू त्याला एक-एक पेडल सापडू लागलं. त्यांनी तीच चाल पुन्हा धरली. अडखळत, थांबत, पण एकट्याने शेवटपर्यंत नेली.

“आता नका इकू,” काकू म्हणाल्या.

शामराव माझ्याकडे वळले. “तुमी येवढ्या लांबून आल्या, ताई. खाली हात कशा जाल?”

मी म्हटलं, वाजवताय तोवर ते तुमचंच. हॉटेलात जाऊ देऊ नका म्हणजे झालं. त्यांनी मला घरातला मोठा पाट बसायला दिला. सुके झिंगे घातलेली वांग्याची भाजी, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि गरम भात. जेवणानंतर आम्ही तिसऱ्या पेडलची सळी सोडवून गंज खरवडला आणि शिलाई मशीनचं तेल घातलं. तरी ते थोडं अडतच होतं.

परतीच्या गाडीत मी चादरीची उशी केली. वाईट वाटत नव्हतं असं नाही. वर्ध्यापर्यंत मी मनातल्या मनात ते वाद्य माझ्या खोलीत खिडकीपाशी मांडून पाहत होते. पण त्याच्या जागी खुर्ची सरकवणाऱ्या काकू दिसायच्या आणि खिडकी रिकामी राहायची.

दोन आठवड्यांनी सकाळी फोन आला. शामराव होते. नाटक मंडळींनी त्यांना एका प्रयोगाला बसवलं होतं, बिदाईच्या प्रवेशापुरतं.

“दोन डाव चुकलो,” ते म्हणाले. “पर कोनाच्या ध्यानात आलं नाही. आयकनारे रडून राहिले होते.”

मग त्यांनी विचारलं, की होळीआधी येता का. तिसरं पेडल अजून अडतं, आणि ते कशासाठी आहे हे त्यांना माझ्याकडून शिकायचं आहे. ते मलाही नीट माहीत नव्हतं. मी हो म्हणाले आणि त्याच दिवशी नागपूरच्या कीबोर्डवादकाला विचारलं, की गुडघ्याची दांडी बनवून देणारा कोणी लोहार तुझ्या ओळखीचा आहे का.