धवल्याची नोंद

भिवंडीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात केसरीनाथकाका एकतीस वर्षं पुस्तकांना विषय देत आले आहेत. विषय देणं म्हणजे पुस्तक कशाबद्दल आहे ते ठरलेल्या यादीतल्या ठरलेल्या शब्दात नोंदवणं. या बाबतीत माणूस भारी हट्टी. ‘लूम’वरचं पुस्तक मागणाऱ्या पोरांना ते आधी ‘यंत्रमाग’ म्हणायला लावतात. पोरं पाठीमागे हसतात, पण पुस्तक हमखास मिळतं म्हणून पुन्हा येतात.

परवा दिघाशीची नेत्रा रडवेली होऊन त्यांच्या टेबलाशी आली. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी तिने धवला घेतला होता, म्हणजे आगरी लग्नात धवलारीण म्हणते ती गाणी. पण कॉम्प्युटरवर ‘धवला’ टाकलं की पुस्तकं शून्य. शनिवारपर्यंत संदर्भ दाखव, नाहीतर विषय बदल, असं सरांनी बजावलं होतं. गावातली धवलारीण आता थकलेली, त्यामुळे विषय सोडायला पोरीचा जीव होत नव्हता.

काकांनी नेहमीची शिकवणी लावली. आपल्या तोंडातला शब्द वेगळा, यादीतला वेगळा. ओळखीचं एक पुस्तक काढायचं, त्याच्या नोंदीत विषय कोणता लिहिलाय ते बघायचं आणि त्याच शब्दाने पुन्हा शोधायचं. नेत्राला आगरी बोलीवरचं एक पुस्तक ठाऊक होतं. त्याच्या नोंदीत ‘बोलीभाषा’ होतं आणि खाली ‘विवाहगीते’. ‘विवाहगीते’ टाकताच सात पुस्तकं निघाली. त्यातल्या तिनांत धवलेच धवले.

नेत्रा हरखली. विषय वाचला होता. मग ती सहज बोलून गेली, “पण काका, विवाहगीते कोण म्हणतं हो आपल्यात? ‘धवला’ टाकल्यावर ‘विवाहगीते पाहा’ एवढं तरी यायला हवं होतं.”

काकांचा चेहरा उतरला. अशा ‘पाहा’ नोंदी त्यांनी स्वतः शेकड्याने केल्या होत्या. लूमसाठी केली होती, हिंदी बोलणाऱ्या पोरांसाठी ‘शादी के गीत’चीसुद्धा केली होती. यादीची काही आडकाठी नव्हती, तरी धवल्याची तेवढी केली नव्हती.

“माझी आय धवलारीन होती, बाय,” ते हळूच म्हणाले. “तवा नवी नोकरी, सगली शिकलेली मान्सं. आपल्या घरचा शब्द हितं शोभायचा न्हाय, असं वाटलं मला.”

त्या लाजेचीच आता त्यांना लाज वाटत होती. नेत्रासमोरच त्यांनी ती नोंद टाइप केली. आय अजून गातात का, असं तिने विचारलं. आयला जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि तिचं एकही गाणं लेकाने लिहून ठेवलं नव्हतं.

नेत्राने वही उघडली. आठवेल तेवढं सांगा, म्हणाली. काकांनी डोळे मिटून हळदीचं गाणं धरलं. चार ओळी झाल्या. पुढची काही केल्या आठवेना.