पहिल्या नावाचा मान

काय काय सांगू अन् कुठून सांगू? जगाला शहाणपण शिकवणारा माणूस स्वतः कसा आपटतो, ते बघायचं असेल तर माझ्याकडे बघा! तुम्ही बसा, चहा घ्या. मला हे आठवलं की अजून एका जागी बसवत नाही.

मी सेलूच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. बढती अडली होती एका शोधनिबंधावर. कपाशीच्या बोंडअळीवर तीन हंगाम राबलो. रान सासऱ्यांचं, बोरी गावचं. पण अळ्या वेचल्या मी, तपासल्या मी, लिहिलं मी! निबंध पाठवणार, तेवढ्यात बायको, सुनीता, माहेरी फोनवर सहज बोलून गेली आणि घात झाला.

लगेच सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या अण्णांचा, मला फोन. "जावईबापू, रान आमचं, आळ्या आमच्या, अन् आमचं नाव न्हाई व्हय?"

आता सांगा, रुसायचं जावयानं की सासऱ्यानं? पण सुनीता समोरच उभी होती. घातलं नाव!

ते विभागप्रमुखांना कळलं. "सासरा चालतो, अन् आमी चालत न्हाई का?" त्यांचं घातलं. मग प्राचार्यांना डावलून कसं चालेल? मग रानात डबा आणणारा मेहुणा. मग चारठाण्याचे चुलत सासरे. त्यांनी एकदा मोटारसायकल दिली होती, तीही पंक्चर.

बरं, क्रम कसा लावायचा? मला कसली चिंता! लग्नपत्रिकेत कसा असतो? वडीलधारे वर, यजमान तळाला हात जोडून. वयाने अण्णा सगळ्यात मोठे, म्हणून पहिलं नाव त्यांचं. शेवटचं माझं.

"अहो, तुमचं नाव लय खाली गेलंय की!" सुनीता म्हणाली.

"अगं, यजमान खालीच शोभतो," मी ऐटीत म्हणालो.

निबंध छापून आला. मुलाखतीच्या दिवशी मी व्हरांड्यात इतक्या येरझारा घातल्या की शिपाई म्हणाला, "सर, बसा की जरा, मला गरगरायलंय."

आत गेलो. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "देशोदेशी संशोधनाचं मोल कसं करतात?"

अहो, माझा हातखंडा विषय! यावर मी कॉलेजात व्याख्यान झोडलं होतं. सुरू झालो. इंग्लंडात तज्ज्ञ वाचून प्रत ठरवतात, चीन आता नुसते निबंध मोजणं कमी करायलाय, अमुक देश इतरांनी केलेले उल्लेख बघतो, तमुक देश समाजाला झालेला फायदा... समिती माना डोलावत होती. मला तर बढतीचे पेढे दिसू लागले!

"वा! आणि या निबंधात तुमचं काम काय?"

"सगळं, सर!"

"मग नाव शेवटी कसं?"

"मी यजमान ना, सर!"

अध्यक्षांनी चष्मा काढला. "अहो, आपल्या नियमात गुणांचा मोठा वाटा पहिल्या नावाला. उरलेला बाकीच्यांत वाटून."

"सर, काही देशांत शेवटचं नाव प्रमुखाचं धरतात!" मी शेवटचा डाव टाकला.

"मग बढतीही तिकडंच मागा."

संपलं! माझ्या वाट्याला पंगत उठल्यावरची कोशिंबीर आली. बढती गेली. जीव असा जळला म्हणता! घरी येऊन सुनीतावर ओरडणार होतो, पण तिने आधीच सांगितलं होतं हे आठवलं.

पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे. मेहुण्याने तो निबंध गावभर दाखवला. पहिलं नाव अण्णांचं! बोरीकरांनी सत्कारच ठेवला. मंडप, हार, शाल, फेटा. 'थोर संशोधक' असा फलक, त्यावर अण्णांचा हा एवढा फोटो. आणि सत्कारमूर्तींचा परिचय करून द्यायला कोण? मी! जावई ना!

करून दिला. अण्णा उठले, फेटा सावरला, माईक ठोकला.

"मंडळी, ह्या कामात लय लोकांची मदत झाली," ते म्हणाले, "आमच्या जावयानंबी थोडा हातभार लावला. त्यांची बढती व्हायला पायजे, असं मला वाटतंय. पण त्यांनी बी कायतरी संशोधन करावं की!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुनीताने मला कोपराने ढोसलं, "वाजवा की!"

वाजवल्या. यजमानाने मागे राहून कसं चालेल?