शेंदूर लावलेला केबलचा दगड

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मोबाईल नुकते आले होते आणि सातारा-सांगली पट्ट्यातले टॉवर महामार्गालगत पुरलेल्या एकाच ऑप्टिकल फायबर केबलवर चालत. उंब्रजजवळ ती केबल तुटली आणि पार माधवनगरपर्यंतचे मोबाईल मुके झाले. जोडली, तर आठवड्याभरात तिथून थोडं पुढे पुन्हा तुटली. मी तिथल्या पोलीस ठाण्याचा फौजदार; वरिष्ठांनी वायरलेसवर माझी सालटी काढली.

खबऱ्याने टीप दिली. गावच्या पाइपलाइनसाठी चर खणणारा एक मजूर होता. केबलच्या कंत्राटदाराने त्याला पूर्वी कामावरून हाकललं होतं, तो राग काढतोय म्हणे. दोन्ही वेळा कुदळ त्याचीच होती. भर बाजारातून त्याला जीपमध्ये घातलं.

चौकशीत गडी एकच धरून बसला. "सायेब, केबलच्या खुणेचा दगड बघून मी चार हात लांब खांदलं. मग तार माझ्या कुदळीखाली आली कशी?" मग मान खाली घालून म्हणाला, "पोरीला बघाय पाव्हणं येणार हायती. बाप जेलात म्हटल्यावर कोण करून घेईल तिला?"

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभं करायचं होतं. मला चैन पडेना. खोटं बोलणारा सहसा उलट मलाच प्रश्न विचारत नाही. कंपनीचा इंजिनिअर आणि दोन पंच घेऊन जागेवर गेलो. बघतो तर काय, खुणेचा दगड लिंबाच्या झाडाखाली पारावर! वर शेंदूर, हार, नारळ. शेजारच्या वस्तीवरच्या म्हातारीला विचारलं.

"आवं सायेब, देव वाटंत हुता. गुरं पाय देत हुती. आमीच उचलून हितं बसीवला. काय चुकलं व्हय?"

दगड सरकला होता, केबल होती तिथेच होती. दगडापासून लांब म्हणून तो जिथे खणत होता, नेमकी तिथेच. इंजिनिअरने कपाळावर हात मारला. दोनदा केबल जोडून गेलेल्या त्याच्या माणसांनाही हे दिसलं नव्हतं. मी जागेवरच पंचनामा केला.

ठाण्यावर येऊन म्हटलं, "जा बाबा, सुटलास." तो उठेना.

"असा न्हाई जायचो, सायेब. नेताना समद्या बाजारानं बघितलंय. आणताना बी बघू द्या."

मला आधी रागच आला. पण त्याचं काय चुकत होतं? जीप काढली, भर बाजारात थांबवली आणि याचा काही दोष नाही, असं मोठ्याने सांगितलं. मग त्याच्या घरी जाऊन चहा घेतला. पोरीने डोळे पुसतच कप हातात दिला.

पुढे नोकरीत ज्याला ज्याला निर्दोष म्हणून सोडलं, त्याला दारापर्यंत पोचवायला मी स्वतः गेलो. ठाण्याच्या फाटकातून सोडलेला माणूस गावाच्या लेखी सुटलेला नसतो.