चंद्रकलाबाईंचा जिना

माझ्या पत्राला चंद्रकलाबाईंनी कधीही लेखी उत्तर दिले नाही. पत्र हाती पडले की त्या आमच्या सामाईक जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन उभ्या राहत आणि माझ्या दाराकडे पाहून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, मुद्देनिहाय उत्तर देत. "भाऊ, कागद काहून नासवता? हाक मारली तर ऐकू येतं मला." न्यायालयात नाझर म्हणून उमेदीची सारी वर्षे काढलेल्या माणसाला हा प्रकार सहन होणे कठीण होते. गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्या. इतक्या तातडीने उत्तर देणारे मला पुन्हा कोणी भेटलेले नाही.

वसमतच्या या घराचा खालचा मजला माझा, वरचा त्यांचा. जिना दोघांचा, असे खरेदीखतात स्पष्ट नमूद आहे. त्या जुन्या सागवानी जिन्यावर त्यांच्या यजमानांनी, दत्तरावांनी, मुलीच्या लग्नात लाल गालिचा चिकटवून घेतला होता. पुढे दत्तरावांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. काठीच्या आधाराने ते खोलीत चालू लागले. पण जिन्यावर त्या विरलेल्या, जागोजागी सुटलेल्या गालिच्यात त्यांचा पाय अडके. एकदा दवाखान्यात नेताना आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीसकट खाली उतरवले. तेव्हा ते म्हणाले, "चौघांच्या खांद्यावर माणूस एकदाच जातो. मला सारखं काहून नेता?" त्यानंतर त्यांनी खाली येण्याचे नावच टाकले. जेवणही कमी केले. बाईंनी त्याच आठवड्यात खुरपे घेऊन गालिचा उखडायला सुरुवात केली.

मी तत्काळ हरकत नोंदवली. सामाईक मालमत्तेत सहमालकाच्या लेखी संमतीवाचून फेरफार करता येत नाही, हे मी आजही मानतो. शिवाय गालिच्याखालचे लाकूड कोणत्या अवस्थेत आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. माझी भीती खरी ठरली. एक पायरी वाळवीने आतून पोखरलेली निघाली. बाईंनी साखरा या माहेरगावाहून, भावाच्या शेतातल्या बाभळीची फळी आणवून तिथे बसवली. सागवानात बाभूळ विसंगत दिसेल, असे मी लेखी कळवले. जिन्यावरून उत्तर आले, "पायरीवर पाय ठिवायचा असतो भाऊ, डोळे न्हाई."

एवढे बोलूनही चूक त्यांच्याच हातून घडली. दसरा तोंडावर होता, आणि दसऱ्याला घरातले लाकूड उजळले नाही तर लोक काय म्हणतील, हा धाक मोठा. बाईंनी सुताराकडून पायऱ्यांना लाखेच्या चपड्याचे पॉलिश करवून घेतले. जिना आरशासारखा लखलखू लागला. गल्लीतल्या बायका मुद्दाम येऊन पाहून गेल्या. दसऱ्याच्या सकाळी उंबरा धुऊन ओल्या पायांनी वर जाताना बाई स्वतःच घसरल्या आणि मनगटावर आपटल्या. वरच्या दारात दत्तराव काठी धरून उभे होते. त्यांनी ते पाहिले आणि ते आत वळले.

माझा संताप अनावर झाला. सुताराला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा मी दुपारपर्यंत तयार केला. बाई म्हणाल्या, "त्याला काहून बोल लावता? चमक मी मागितली व्हती. लोकाईला दाखवायला जिना केला मी, यांच्यासाठी न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून सुजलेल्या मनगटाने, फुटक्या काचेच्या धारेने त्या ते पॉलिश खरवडू लागल्या. लाकूड उघडे पडल्यावर, घसरडे न करता ते टिकवणारे जवसाचे तेल द्यायचे होते. तेल मुरेपर्यंत त्यावर पाय ठेवता येत नाही. म्हणून एकाआड एक पायरी घ्या, असे सुताराने सुचवले. पण पायरी ओलांडणे दत्तरावांना शक्य नव्हते. तेव्हा बाईंनी प्रत्येक पायरीची आधी भिंतीकडची अर्धी बाजू तेलवली आणि ती वाळल्यावर कठड्याकडची. काम दुप्पट लांबले. मी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "एखाद्या दिवशी ते उठले अन् वाट बंद दिसली, तर पुन्हा उठायचे न्हाईत."

कार्तिकातल्या एका सकाळी जिन्यावर पाय फरफटल्याचा आवाज आला. मी दारात आलो. डाव्या हाताने कठडा धरून दत्तराव उतरत होते. बाई तळाशी उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. निम्म्यावर येऊन ते थांबले. त्यांचा गुडघा लटपटू लागला. मी पुढे झालो, तशा बाई आडव्या आल्या.

"हात लावू नका. त्यांनी मागितला तर द्या."

त्यांनी मागितला नाही. मग उजवा पाय खाली सोडला, डावा त्याला आणून मिळवला. मग पुढची पायरी. मग त्याच्या पुढची. ओट्यावर टेकल्यावर रस्ता न्याहाळत म्हणाले, "गल्ली लई बदलली की."

मी मागे पाहिले. बाई शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. कठड्याचा गज त्यांनी मुठीत आवळला होता आणि त्या हुंदका आवरत होत्या. मी जवळ जाताच दबक्या आवाजात म्हणाल्या, "मला काही न्हाई झालं. तुमी त्यांच्यापाशी बसा, काहीबी बोला. त्यांनी मागं वळून पाहू नये."

मी दत्तरावांना लागून बसलो आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराने गटारावर बेकायदा टाकलेल्या फरशीचा विषय काढला. कलम सांगितले, पोटकलमे सांगितली, त्यांवरचे संभाव्य आक्षेप आणि त्यांचे खंडनही सांगितले. मागचा हुंदका पुरता थांबेपर्यंत मी आवाज खाली येऊ दिला नाही.