बिबड्यांच्या ओळीतला लॅपटॉप

आमच्या गावात नळ आला की माणसं हातातलं काम टाकून धावतात. जेवणारा ताटावरून उठतो, फोनवर बोलणारा फोन न ठेवताच बादली उचलतो. नळ कोणत्या दिवशी येईल ते कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे तो आला की मातीच्या रांजणापासून पोह्यांच्या पातेल्यापर्यंत सगळं भरून ठेवायचं, ही चाळीसगावकडच्या आमच्या भागातली रीत. त्या दिवशीही मी तेच केलं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लॅपटॉपवर अर्धवट उघडं टाकून स्वयंपाकघरातले ड्रम भरायला धावले.

लॅपटॉप कूलरसमोर टेबलावर होता. तो मीच तिथे ठेवला होता. जळगावच्या एका दुकानातून जुना घेतलेला लॅपटॉप, मे महिन्यात मांडीवर ठेवला तर पोळत असे. माणसाला गार वारा लागतो तर यंत्रालाही लागू दे, असा माझा साधा हिशेब.

कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर उभा. मायनं बाहेरून त्याच्या फटीत पाइप खुपसला आणि ती दुसरा हंडा लावायला गेली. नळाला जोर आला, पाइप आतल्या आत उसळला आणि पाण्याची धार थेट फिरत्या पंख्यावर बसली. पुढचं काम पंख्यानं केलं. लग्नात गुलाबपाणी शिंपडतात तसं त्यानं सगळं घर शिंपडून काढलं. मी आले तेव्हा स्क्रीनवर थेंब ओघळत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती काळी झाली.

माझा पीएचडीचा विषय काय, तर आमच्या भागातली पाणीवाटपाची जुनी पद्धत. पाच वर्षं मी पाण्यावर लिहीत होते. त्या पाण्यानं असे पांग फेडले.

जरा परिस्थिती सांगते. मी धुळ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जितके तास घ्याल तितक्याचं मानधन, आणि ते येईल तेव्हा येईल. सुट्टीत तास नाहीत, म्हणून सुट्टीत पैसेही नाहीत. प्रबंध द्यायची मुदत दोनदा वाढवून घेतलेली. मार्गदर्शक सरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आता मुदतवाढ नाही. महिनाअखेर प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द." नोंदणी रद्द म्हणजे पाच वर्षं पाण्यात, आणि कायम नोकरीच्या मुलाखतीला बसायचं स्वप्नही. आधीची प्रकरणं पेन ड्राइव्हवर होती. शेवटचं, ज्याच्यावर सगळं उभं होतं, ते फक्त त्या ओल्या डब्यात.

"बॅकअप घेतला नव्हता का?" हा प्रश्न त्या आठवड्यात मला ज्यानं त्यानं विचारला. ज्यांना बॅकअप कशाशी खातात ते माहीत नाही, त्यांनीही विचारला.

मी लॅपटॉप बंद केला, पुसला, पंख्याखाली उलटा ठेवला. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "चालू करू नका, नीट वाळू द्या, मग घेऊन या." दुसऱ्या दिवशी माझी धुळ्याला परीक्षेची ड्यूटी होती. ती चुकवणं परवडणारं नव्हतं, कारण त्या महिन्यात हाती येणारे तेवढेच पैसे. सकाळची बस पकडताना मी मायला बजावलं, की हा नीट वाळला पाहिजे, कोणी चालू करायचा नाही. माय म्हणाली, "तू काळजी नको करू. सुकी जाई."

चूक तिथेच झाली. आमच्या घरात वाळवणं या शब्दाचा एकच अर्थ आहे आणि तो पंख्याशी संबंधित नाही.

संध्याकाळी परत आले. पंख्याखाली लॅपटॉप नव्हता. माय गच्चीवर होती. गच्चीवर खाटेवर ओलं धोतर पसरून त्यावर बिबड्या घातलेल्या. ज्वारीच्या शिजवलेल्या घाट्याचे ते लसूण-तिळाचे पापड आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षभराचे करून ठेवतात. त्या गोल गोल बिबड्यांच्या ओळीत, कडेला, माझा चौकोनी लॅपटॉप. त्याच्यावर मायनं तिच्या लुगड्याचा मऊ तुकडा पांघरला होता. धूळ बसू नये म्हणून.

दिवसभर. मे महिन्यात. आमच्याकडे या दिवसांत गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही.

मी ओरडले की किंचाळले ते आठवत नाही. माय मात्र शांतपणे म्हणाली, "येक बाजूले नही ठेवं मी. दर घटकाले पलटं. दोन्ही बाजूले ऊन लागाले पाहिजे ना."

म्हणजे तिनं त्याला बिबडीसारखं पलटलं होतं. मन लावून, एक बाजू कच्ची राहू नये म्हणून. मी लॅपटॉप उचलला तर हाताला चटका बसला. खालची बाजू फुगली होती. नाना, माझे वडील, जिन्यातूनच म्हणाले, "आते कडक झाय का नही?" त्यांना वाटलं, मी बिबड्या बघते आहे.

मी दोन दिवस मायशी बोलले नाही. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. चुकलं, असं ती एकदाही म्हणाली नाही. उलट शेजारणीला सांगत होती, "ऊन कमी पडनं व्हई." मला तर भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे.

जळगावच्या दुकानदारानं लॅपटॉप उघडला. आधी तो हलवला तर बटणांमधून तीळ गळले. त्यानं एक तीळ बोटावर घेऊन माझ्याकडे पाहिलं.

"ताई, पाणी तर पार सुकलंय. पण हा भट्टीत ठेवला होता का?"

"गच्चीवर," मी म्हटलं.

"उन्हात?"

 आईनं पलटून पलटून भाजला, असं परक्या माणसाला कसं सांगायचं?

त्याच्या मते पाण्यानं फक्त कीबोर्ड गेला होता. बाकीचं उन्हानं. बॅटरी फुगलेली, ती वापरणं धोक्याचं. स्क्रीनच्या कडेचा डिंक सुटलेला. "त्यापेक्षा नवीनच घ्या," तो म्हणाला. हे वाक्य दुकानदार इतक्या सहज कसं म्हणतात मला कळत नाही. जणू माझ्या पर्समध्ये नवीन लॅपटॉपचे पैसे होते आणि मी हौस म्हणून त्याच्या दुकानात येऊन बसले होते. कीबोर्ड आणि बॅटरी बदलायचा खर्च त्यानं सांगितला तेव्हा मी विचारलं, काहीच न बदलता चालेल का? तो हसला. मग बॅटरी काढून टाकली, आतल्या कीबोर्डची तार सोडवली, आणि कोपऱ्यातून एक जुना बाहेरचा कीबोर्ड काढून दिला. त्याच्यावरची निम्मी अक्षरं पुसलेली होती. स्क्रीन उजळली. शेवटचं प्रकरण होतं तिथे होतं. मला तिथल्या तिथे रडू आलं. तेही दुकानदारासमोर.

मी तिथेच ते प्रकरण पेन ड्राइव्हवर घेतलं. पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं लिहायचं होतं आणि महिना संपत आला होता.

आता नवी कटकट. बॅटरी नाही, म्हणजे लॅपटॉप भिंतीच्या प्लगवर जगणारा. लाइट गेली की तो तत्क्षणी मेला, आणि शेवटचं जतन केल्यानंतरचं सगळं गेलं. आणि आमच्याकडे मे महिन्यात जरा वारा सुटला की पहिली जाते ती लाइट. पहिल्या दिवशी दोन पानं गेली, दुसऱ्या दिवशी एक परिच्छेद, तोही असा जो मला पुन्हा तसा जमला नाही. मी टेबल आतल्या खोलीत नेलं आणि घरात जाहीर केलं, की तो कूलर माझ्या यंत्राच्या जवळपास दिसता कामा नये.

त्याच रात्री मायनं सांगितलं, कूलरची मोटार जळाली. दुष्काळात तेरावा महिना. नाना वायरमनला बोलवायला निघाले तर माय म्हणाली, आत्ता नको, पोरीचं काम झाल्यावर बघू, पैसे लागतील. पैशांचं नाव निघालं की नाना गप्प बसतात.  माझी मात्र मनातून चिडचिड होत होती. या घरात एकही वस्तू धड का राहत नाही? नाना ओला टॉवेल डोक्यावर घेऊन ओसरीत बसत आणि तासातासाला मोटार बनवणाऱ्या कंपनीचा उद्धार करत. माझ्या खोलीतला पंखा गरम हवा फिरवत होता. घामानं कीबोर्डवरून बोटं घसरत.

माय दाराशी बसायची. लसूण सोलत, तांदूळ निवडत, पण नजर बाहेर, समोरच्या केळीच्या शेतावर. पानं हलायला लागली की ओरडायची, "वारा सुटना वं! लाइट जाई!" मी पटकन जतन करायचे. बहुतेक वेळा लाइट जायची नाही. मग मी वैतागायचे, की सारखी ओरडू नकोस, लक्ष तुटतं. ती गप्प व्हायची आणि पानं हलली की पुन्हा ओरडायची. तिच्या ओरडण्यानंतर लाइट गेली तेव्हा मात्र माझं एक अक्षरही गेलं नाही. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही, कारण मी अजून रागातच होते.

प्रबंध झाला. बांधणीचे पैसे ड्यूटीच्या मानधनातून भागले. जळगावला विद्यापीठात नेऊन दिला, पोच घेतली आणि गाडीनं चाळीसगावला उतरून घरी आले. अंगणात पाऊल टाकलं तर घरात घोंघावल्यासारखा आवाज. कूलर चालू होता. ताठ, धडधाकट, पाणी ठिबकत. नाना त्याच्यासमोर खाटेवर पसरलेले, डोळे मिटून.

"मोटार बनवून आणली का?" मी विचारलं.

"कसानी बनाडी?" नाना डोळे न उघडता म्हणाले. "तुन्या मायनी बटन दाबं आनि चालू झाया. इतला दिन मी फुकट भाजाई गऊ."

मी मायकडे पाहिलं. ती पाइप गुंडाळत होती.

"मोटार जळेल नव्हतीच," ती म्हणाली. "तुनं ते यंत्र घरमा व्हतं ना. परत पाणी उडतं मंग?"

आतल्या खोलीपर्यंत पाणी कसं उडेल, हे विचारायला माझं तोंड उघडलं होतं. पण तिच्या मानेवर, पदराच्या कडेनं, घामोळ्यांची लाल रांग दिसली. इतकं ऊन अंगावर घेऊनही या बाईला एकदा चुकलं म्हणवलं नाही. मला तिचा जितका राग त्या क्षणी आला, तितका गच्चीवरही आला नव्हता. मी तिच्या हातातून पाइप ओढून घेतला आणि तिला कूलरसमोर नेऊन बसवलं.